तिचं शरीर बाळाला मारत नाही : स्त्रीरोगतज्ज्ञांना खुलं पत्र

प्रति,
फॉग्सी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेचे पदाधिकारी आणि महाराष्ट्रातले सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाचा इम्युनॉलॉजीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा, पेपर माझ्याकडे असतो. हे पत्र त्या पेपरमुळे लिहिते आहे आणि माझ्या धाकट्या जावेमुळेही.

तिचे तीन गर्भ दहा आठवड्यांच्या आत गेले. तिसऱ्या वेळी पिशवी साफ केल्यावर महिन्याभराने आम्ही दोघी एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात गेलो. दुसऱ्या भेटीला रक्ताचा रिपोर्ट आला होता. एनके (नॅचरल किलर) या पांढऱ्या पेशींच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण होता. डॉक्टरांनी त्याच्याभोवती पेनाने गोल केला आणि म्हणाले, "तुमची इम्युनिटी जास्त स्ट्राँग आहे. शरीर बाळाला परकं समजतं आणि मारून टाकतं." मग उपाय सांगितला. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून तिला टोचायच्या, आणि दिवस राहिले की दर काही आठवड्यांनी दुधासारखं पांढरं सलाईन लावायचं. बोलणं सगळं मिळून दहा मिनिटं चाललं. इंजेक्शनांच्या खर्चासाठी तिने पाटल्या मोडल्या.

त्या संध्याकाळी सासूबाई शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "हिचं अंगच पोराला खातं म्हणे." सासूबाई दुष्ट नाहीत. तिन्ही वेळा रात्ररात्र तिच्या उशाशी त्याच बसल्या होत्या. डॉक्टरांचं वाक्य त्यांनी फक्त आपल्या बोलीत आणलं, आणि अर्थ जराही बदलला नव्हता. जाऊ आत चुलीपाशी होती. तिने ते ऐकलं. हातातली भाकरी पुरती थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. काही बोलली नाही. आजही त्यावर बोलत नाही.

डॉक्टर, ते वाक्य खरं नाही. त्यात शास्त्राचा अंश असता तर ते कितीही कठोर असलं तरी मी मान खाली घातली असती. पण गेल्या तीसेक वर्षांत गर्भाशयाच्या अस्तराबद्दल जे कळलं आहे, ते त्या वाक्याच्या उलट बाजूला जातं. तुमच्यातल्या अनेकांना हे माहीत आहे. तरी इथे मांडते, कारण हे पत्र त्या बायकाही वाचतील ज्यांना असं सांगितलं गेलं आहे.

"नाकारणं" हा शब्द मुळात अवयवरोपणातला. पीटर मेडावार यांनी १९५३ साली पहिल्यांदा हा प्रश्न नीट विचारला : गर्भात अर्धा वारसा बापाचा असतो, मग आईचं शरीर त्याला नऊ महिने राहू कसं देतं? मेडावार कातडीच्या रोपणावर काम करत होते, त्यामुळे प्रश्नही त्याच साच्यात आला. एक तर आई आणि गर्भ यांच्यात भिंत असेल, किंवा गर्भाची ओळख अजून उमटलेली नसेल, किंवा आईची प्रतिकारशक्ती झोपलेली असेल, अशा तीन शक्यता त्यांनी मांडल्या. प्रश्न मोठा होता, पण तिन्ही उत्तरं पुरी पडली नाहीत. भिंत पक्की नाही, कारण वारेच्या (प्लॅसेंटाच्या) पेशी अस्तरात खोलवर घुसतात. गर्भाची ओळख आईला पटते. आणि आईची प्रतिकारशक्ती झोपलेली तर मुळीच नसते.

एम. एस्सी.ला असताना आमच्या सरांनी पहिल्या तिमाहीतल्या अस्तराची एक स्लाइड दाखवली होती, एनके पेशी तपकिरी रंगवलेली. मी भिंगातून पाहिलं आणि मला वाटलं स्लाइड बिघडली. जिकडे बघावं तिकडे तपकिरी ठिपके. पहिल्या तिमाहीत अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के एनके असतात. म्हणजे ज्या पेशींना तुम्ही मारेकरी म्हणता, त्यांचा सर्वांत दाट मुक्काम निरोगी गर्भाच्या शेजारीच असतो. त्यांचं नाव "नॅचरल किलर" पडलं ते रक्तातल्या बहिणींवरून. अस्तरातल्या पेशी वेगळ्या. त्यांच्या अंगावर सीडी५६ ही खूण भरपूर, सीडी१६ ही खूण जवळजवळ नाही, आणि मारण्याचं काम त्यांना फारसं जमत नाही. आईच्या सर्पिल धमन्या रुंद करायला त्या हातभार लावतात, म्हणजे पुढे वारेला पोटभर रक्त मिळतं. २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं की यांतल्या काही पेशी गर्भाच्या वाढीला लागणारे पदार्थसुद्धा स्रवतात. केंब्रिजच्या अ‍ॅशली मॉफेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम तर याहून पुढचं सांगतं. आईच्या एनके पेशींवरचे खुणा ओळखणारे केआयआर रेणू आणि गर्भाकडून आलेल्या एचएलए-सी या ओळखखुणा यांच्या ज्या जोड्यांमध्ये एनके पेशींना जास्त आवर बसतो, त्या जोड्यांमध्ये प्रीएक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या आजाराचा) धोका वाढलेला दिसला. म्हणजे तिथे काळजी एनके कमी जागी झाल्याची आहे, जास्त जागी झाल्याची नाही.

आता मला सांगा, दंडातून काढलेल्या रक्तातल्या एनकेचा आकडा पाहून अस्तरात काय चाललं आहे हे कसं कळणार? सांगलीच्या बाजारात हळदीचा काय भाव आहे हे विचारून आमच्या परसातल्या हळदीला कीड लागली का ते कळेल का?

ज्या भागाने मला गेली काही वर्षं झपाटलं आहे तो म्हणजे या पेशी खातात काय. प्रतिकारशक्तीच्या पेशी कशावर जगतात यावर त्या कशा वागतात ते बरंचसं ठरतं, हे शास्त्र गेल्या दोन दशकांत उभं राहिलं. मुलांना मी ते चुलीवरून समजावते. हल्ल्याला निघालेली टी-पेशी, म्हणजे एका प्रकारची पांढरी पेशी, काटक्यांचा जाळ करते. ग्लुकोज भराभर ओढते, पुरतं न जाळता लॅक्टेट करून बाहेर टाकते, आणि त्या घाईत वाढीला लागणारा मालमसाला उचलते. याउलट ज्या टी-पेशींचं काम शांत ठेवण्याचं, त्या नियामक पेशी, म्हणजे टी-रेग, गोवरीच्या धगीवर राहतात. त्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरात, हळूहळू जाळतात, स्निग्धाम्लं वापरतात, आणि फॉक्सपी३ या त्यांच्या मुख्य जनुकामुळे कमी ग्लुकोज व भरपूर लॅक्टेट असलेल्या जागीही टिकून राहतात. ज्या हवेत हल्लेखोर दमतात तिथे यांचं काम चालू राहतं.

आणि गर्भाशयात सुरुवातीचे आठवडे नेमकी तशीच हवा असते. वारेच्या पेशींनी सर्पिल धमन्यांच्या तोंडाशी बुचं मारलेली असतात, त्यामुळे आईचं रक्त मोकळेपणाने आत येत नाही. आठव्या आठवड्याच्या आसपास वारेजवळच्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याचे २० मिलिमीटर इतका कमी असतो, बाराव्या आठवड्यापर्यंत तो ६० च्या आसपास चढतो. तोवर गर्भाला बरंचसं पोषण अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावातून मिळतं. वार स्वतः भरपूर लॅक्टेट तयार करते. २०१८ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात पहिल्या तिमाहीतल्या वारेचा आणि अस्तराचा सुमारे ७० हजार पेशींचा नकाशा आला. त्यात अस्तरातल्या एनके पेशींचे तीन प्रकार वेगळे ओळखू आले, आणि त्यांतल्या पहिल्या प्रकारात, जो वारेच्या पेशींशी थेट बोलतो, ग्लुकोज जाळणारी यंत्रणा जोरात असल्याचं दिसलं. एकाच अस्तरात कोणी काटक्यांवर, कोणी गोवरीवर. हा नुसता समजूतदारपणा नाही, यात रोजचं राबणं आहे.

या विषयातला माझा सर्वांत आवडता प्रयोग १९९८ चा. अमेरिकेत जॉर्जियामधल्या डेव्हिड मन आणि अँड्र्यू मेलर यांच्या गटाने गाभण उंदीर माद्यांना एक औषध दिलं. वारेतल्या आयडीओ नावाच्या विकराला (एन्झाइमला) ते रोखतं. आयडीओ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल फोडून टाकतो आणि ते मिळालं नाही की शेजारची टी-पेशी वाढायची थांबते. औषध दिल्यावर ज्या माद्यांचे गर्भ परक्या वाणाच्या नरापासून होते, ते गेले. एकाच वाणाच्या नरापासून झालेले वाचले. म्हणजे वार आपल्या दारातलं एक अन्न उचलून ठेवते, आणि चिडलेल्या पाहुण्याला तिथे पंगत मिळत नाही. वर्गात हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

पण पुढची गोष्टही मी त्याच तासाला सांगते. काही वर्षांनी ज्यांच्यात आयडीओचं जनुकच जन्मापासून नाही अशा उंदीर माद्या तयार केल्या, तेव्हा त्यांना पिल्लं नीट झाली. शरीराने दुसरा रस्ता काढला होता. एक किल्ली सापडली म्हणून कुलूप उघडलं असं होत नाही. अर्जिनिनवर आणखी एक विकर काम करतो, टी-रेग आहेत, वारेच्या पेशींवरची एचएलए-जी ही खूण आहे, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आहे. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या एका गटाने दाखवलं की टी-रेग नसलेल्या उंदीर माद्या परक्या वाणाचे गर्भ टिकवू शकत नाहीत. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या गटाने दाखवलं की पहिल्या गर्भाने वाढवलेले टी-रेग बाळंतपणानंतरही मागे उरतात आणि दुसऱ्या वेळी झपाट्याने वाढतात. सगळं उंदरांमधलं, पण किती जणींना यातलं काही सांगितलं जातं?

हे सगळं तुम्हाला लिहिण्याचं कारण काळजी आहे. आज एनकेचा बाण दाखवून इंजेक्शन विकलं जातं. उद्या कोणीतरी "इम्युन मेटाबॉलिझम पॅनेल" काढेल, बायकांच्या पेशी साखर किती खातात ते मोजेल, आणि टी-रेगना चरबी लागते म्हणून चरबीचं सलाईन लावेल. तेच पांढरं सलाईन, नव्या कारणासाठी. इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीनचं तेल, अंड्यातले फॉस्फोलिपिड आणि ग्लिसरीन. जेवता न येणाऱ्या रुग्णांना शिरेतून पोषण द्यायला ते बनलं, आणि त्या कामात ते उत्तम आहे. गर्भ टिकवण्यासाठी त्याची शिफारस करावी इतका पुरावा नाही. टी-रेग स्निग्धाम्लं जाळतात हे खरं असलं तरी त्यातून हाताच्या शिरेत तेल सोडण्यापर्यंत उडी मारता येत नाही.

नवऱ्याच्या पेशींच्या इंजेक्शनांचा इतिहास तर तुमच्यासमोरच घडला. १९८५ मध्ये लंडनचे संशोधक मोब्रे यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल दिले. नवऱ्याच्या पेशी दिलेल्या २२ जणींपैकी १७ जणींना मूल झालं, स्वतःच्याच पेशी दिलेल्या २७ पैकी १० जणींना. आशा वाटणं साहजिक होतं, त्या आशेला मी दोष देत नाही. त्यामागचा विचार असा होता की नवरा-बायकोचे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, फार जुळत असतील तर बायकोत गर्भावरचा हल्ला अडवणारी "ब्लॉकिंग अँटिबॉडी" तयार होत नाही, आणि ती मुद्दाम तयार करावी. पुढे कळलं की सुखरूप बाळंत होणाऱ्या कितीतरी जणींमध्ये ती अँटिबॉडी सापडतच नाही. १९९९ मध्ये ओबर यांची मोठी चाचणी त्याच 'लॅन्सेट'मध्ये आली. इंजेक्शन मिळालेल्या ८६ जणींपैकी ३१ जणींना यश, म्हणजे ३६ टक्के. नुसतं सलाइन टोचलेल्या ८५ पैकी ४१ जणींना, म्हणजे ४८ टक्के. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नियंत्रित संशोधनाबाहेर हे करायचं नाही असं कळवलं. २०१७ मध्ये एश्रे या युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचनांत सांगितलं की हा उपचार वापरू नये : फायदा दिसत नाही आणि गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. दुसऱ्याच्या रक्तातल्या पेशी आहेत त्या. जंतुसंसर्गाचा धोका आहे, आणि त्यातून तयार होणाऱ्या अँटिबॉडींमुळे त्या बाईला पुढे कधी किडनी लागली तर जुळणारी मिळणं अवघड होऊ शकतं. माझ्या जावेला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. संमतीपत्रक इंग्रजीत होतं, सहीची जागा पेन्सिलीने फुली मारून दाखवली होती.

गर्भपातात प्रतिकारशक्तीचा काहीच संबंध नसतो असं मी म्हणत नाही. उलट जिथे खरा संबंध आहे तिथे तुम्ही लोकांनी अचाट काम केलं आहे. १९६८ पासून अँटी-डी हे इंजेक्शन वापरात आलं आणि आरएच निगेटिव्ह आयांच्या किती बाळांचे प्राण वाचले. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये, म्हणजे स्वतःच्याच अँटिबॉडींमुळे रक्त गोठण्याच्या आजारात, अ‍ॅस्पिरिनला रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनची जोड दिल्यावर मूल हाती येण्याचं प्रमाण ४२ वरून ७१ टक्क्यांवर गेल्याचं लंडनच्या १९९७ च्या चाचणीत दिसलं. त्याची तपासणी बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करायची असते. जावेची एकदाही झाली नव्हती. एनकेची मात्र झाली. थायरॉइड आणि साखर मी सांगितल्यावर झाली. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गर्भांमध्ये गुणसूत्रांचाच दोष असतो, म्हणजे त्यात आईच्या प्रतिकारशक्तीचा काही दोष नाही. तरी तीनपैकी एकाही वेळी पिशवीतला नमुना गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवला गेला नाही.

आणि एक आकडा असा आहे जो प्रत्येक ओपीडीत मोठ्या अक्षरांत लावावा असं मला वाटतं. प्रॉमिस नावाची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचे तीन किंवा जास्त गर्भ कारण न कळता गेले होते आणि ज्यांना पुन्हा दिवस राहिले होते अशा ८३६ जणी त्यात होत्या. निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काही. औषध नसलेल्या गटातल्या ६३.३ टक्के जणींना जिवंत मूल झालं. औषध मिळालेल्यांत ६५.८ टक्के, म्हणजे फरक नसल्यातच जमा. तीन वेळा आशा मोडलेल्या बाईला सांगा, की पुन्हा दिवस राहिले तर काहीही न देता दर तीन जणींपैकी जवळजवळ दोघींना मूल होतं. जे इंजेक्शन घेऊन मूल झालं त्याचं श्रेय इंजेक्शनाला का जातं, तेही यातून कळतं.

मला माहीत आहे की समोर रडणाऱ्या बाईला "कारण सापडलं नाही" हे सांगणं किती जड जातं. घरचे म्हणतात, डॉक्टर काहीतरी करा. दुसरीकडे गेली तर तिथे ते काहीतरी करतीलच, ही भीतीही असते. मी ते दडपण खोटं म्हणत नाही. पण "कारण सापडलं नाही" हे ऐकून घरी आलेल्या बाईला सासूबाई रात्री ऊन दूध देतात. "शरीर मारतं" हे ऐकून आलेल्या बाईकडे बघण्याची नजर बदलते, आणि पुढे मूल झालं तरी ती पूर्वीसारखी होत नाही. आमच्या घरात मी ते पाहिलं आहे.

मध्यंतरी मी जावेला सांगितलं की गर्भाच्या काही पेशी आईच्या रक्तात येतात आणि राहून जातात. १९९६ मध्ये डायना बियांची यांच्या गटाला बाळंतपणानंतर २७ वर्षांनी एका आईच्या रक्तात मुलाच्या पेशी सापडल्या. गर्भपात झालेल्या बायकांमध्येही अशा पेशी सापडल्या आहेत. शरीराला मारायचंच असतं तर इतकी वर्षं सांभाळल्या असत्या का, असं मी म्हटलं. तिने बराच वेळ हातातली लसूण सोलली आणि विचारलं, "तिघांच्याही असतील?" असू शकतील, म्हटलं. तेवढंच बोललो आम्ही.

माझं मागणं मोठं नाही. फॉग्सीने महाराष्ट्रासाठी मराठीत एक साधं पान काढावं. रक्तातल्या एनके पेशी मोजून गर्भपाताचं कारण ठरवता येत नाही, आणि नवऱ्याच्या पेशींचं इंजेक्शन नोंदणीकृत संशोधनाबाहेर देऊ नये, हे त्यावर स्पष्ट लिहावं. जिथे संशोधन म्हणून द्यायचं असेल तिथे संमतीपत्रक मराठीत असावं आणि सहीआधी घरी नेऊन वाचायला द्यावं. दोन गर्भ गेलेल्या बाईचा पुढचा नमुना गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवायची आठवण त्याच पानावर असावी, आणि अँटिफॉस्फोलिपिडच्या दोन तपासण्यांची तारीख लिहायला जागाही. तुमच्या कार्यशाळांमध्ये गर्भाशयातल्या एनके पेशींवर आणि त्यांच्या चयापचयावर एखादं व्याख्यान ठेवा. त्या विषयावर काम करणारे लोक आपल्याकडे मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल स्वास्थ्य संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी मिळतील.

त्या पानाचा मराठी मजकूर लिहायची माझी तयारी आहे. मोबदला नको. तुम्ही तज्ज्ञांनी तपासून द्या, मी सासूबाईंना वाचून दाखवेन, आणि त्यांना जिथे अडेल तिथे पुन्हा लिहीन.

आपली,
एक सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका